ऑपरेशन झकास झालं म्हणे!

घरोघरी सायकलवरून जाऊन जखमा बांधणाऱ्या नर्सबाईंचा गुडघा त्यांच्याच दवाखान्यातल्या सर्जननी ऑपरेशनमध्ये वाकडा बसवला. वर म्हणाले, "ऑपरेशन झकास झालंय, व्यायामात तुम्हीच कुचराई केली असणार!" आयुष्यभर पेशंटांकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरीकडे पुन्हा ऑपरेशन झालं. मग बाई स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसून, दात-ओठ खात पेडल मागेपुढे हलवत राहिल्या. नवरा म्हणाला, "अगं, पुरे आता." एका सकाळी पेडल पूर्ण फिरलं.

बाई सायकलवरून कामावर आल्या, तेव्हा सर्जन फाटकातच हसले. "बघा! मी म्हटलं नव्हतं, ऑपरेशन झकास झालंय?"

"झकास झालं ते दुसरं, डॉक्टर. तुमचं होतं ते पहिलं, वाकडं. त्याची आधी माफी मागा," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

सर्जन घड्याळ बघत आत सटकले. बाईंनी सायकलला टांग मारली आणि धुसफुसतच पहिल्या पेशंटकडे निघाल्या.