मोगऱ्याच्या वजनकाट्यातला सेल

माझ्या सासऱ्यांना घड्याळ लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नाशिकच्या वेशीवर, जिथे आता दोन बाजूंनी इमारती आमच्या बांधाला येऊन टेकल्यात, तिथे ते जन्मभर फुलं पिकवत आले. झेंडू, शेवंती, विहिरीच्या कडेनं मोगरा. रोज संध्याकाळी कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात ते बारीक अक्षरात काहीतरी लिहितात. झेंडू लावला, अर्धा एकर. म्हैस व्याली. करपा आला. माझ्या लग्नाच्या दिवशीचा चौकोनही मी वाचलाय. त्यात आहे, ‘लग्न झालं. शेवंतीला पाणी दिलं.’ एक सून घरात आली त्याची बातमी दोन शब्दांत आणि शेवंतीच्या पाण्याची तीन शब्दांत! यावरून मी नानांना बारा वर्षं चिडवते आहे.

लग्नाआधी मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे. म्हणजे माउस कसा धरायचा आणि अर्ज कसा टाइप करायचा, एवढंच. तो कॉम्प्युटर माझ्याबरोबर सासरी आला. इथे आल्यावर पाहिलं तर नानांची सव्वीस वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर गठ्ठ्यात बांधलेली आणि उंदीर त्यांचा फराळ करतायत. मी म्हटलं, “नाना, मी हे सगळं कॉम्प्युटरात चढवते.”

“कागद डोळ्यापुढं ऱ्हातो,” नाना म्हणाले. “तुझ्या डब्यात काय हाय ते दिसत नाय.”

दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी गठ्ठा खाली काढून दिला, तोही लेक सासरी पाठवावी तशा तोंडानं. दोन हिवाळे मी एकेक चौकोन टाइप केला. काम संपलं त्या दिवशी अख्ख्या घराला सांगत सुटले. आणि आमच्या घराची रीत अशी की बिनकामाचा कागद पडून राहिलेला कुणाला बघवत नाही. कॅलेंडरचा कागद जाड, मोगऱ्याच्या पुडीला एक नंबर. त्या उन्हाळ्यात सव्वीस वर्षांची कॅलेंडरं पुड्या होऊन पंचवटीतल्या फुलबाजारात गेली. कागद फाडायला मी स्वतः बसले होते, हे इथेच कबूल करते.

क्लासमध्ये मी प्रत्येक पोराला बजावायचे की कामाची एक प्रत बाहेर ठेवा. स्वतः ठेवली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंदा अधिक महिना आला आणि दसरा लांबला. आषाढ लागताना रोपवाटिकेवाल्याचा फोन आला, झेंडूची रोपं कोणत्या तारखेला हवीत? आमच्या धंद्यात हा वर्षाचा सगळ्यात मोठा प्रश्न. झेंडू दसऱ्याच्या आठ दिवस आधी फुलला तर मातीमोल आणि आठ दिवस नंतर फुलला तर शेळ्यांना. नाना मला म्हणाले, “येकोणीस सालामागं ह्योच अधिक आला व्हता, तवा आपुन लावणी कवा केली व्हती, ते बघ बरं.”

मी म्हटलं, उद्या सांगते. कारण कॉम्प्युटरची हार्ड डिस्क महिनाभर टक् टक् करत होती आणि नवी डिस्क मी आणूनच ठेवली होती. वायर लावून जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं. दिवसभर आणि रात्रभर चाललं ते. रविवारी सकाळी काम पूर्ण झाल्याची खूणही आली. मग मशीन बंद केलं, भिंतीतली पिन काढली, जुनी डिस्क काढली आणि निवांत जेवून वगैरे दुपारी नवी बसवली. फार शहाणी झाले होते मी.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. तीच ओळ. म्हटलं जाऊ दे, जुनी परत लावू. जुनी लावली, तरी तीच ओळ! ज्या दुकानातून डिस्क आणली तिथे फोन केला. दुकानदार म्हणाला, “ताई, जुनी मेली आणि नवीवर काही उतरलंच नाही. आज दुकान बंद आहे, उद्या घेऊन या, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून देतो. जुनं विसरा.”

जुनं विसरा! सव्वीस वर्षं माझ्या शब्दावर कागदावरून उतरली होती आणि कागद गावभर वाटून झाला होता. मी फोन ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून रडले. मग नाक पुसून नानांना खरं काय ते सांगितलं. लपवणं मला जमत नाही.

मला वाटलं होतं, ‘डब्यात दिसत नाय’ हे आता निघणार. पण नाना खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “जुनी मेली, नवी बी मेली? येकाच टायमाला?”

“हो ना.”

“येक रोप मेलं तर रोपाचा दोष, पोरी. दोन्ही मेली तर आधी पाणी बघावं.”

हे ऐकून मी रडायची थांबले, कारण ते शंभर टक्के खरं होतं. सकाळपर्यंत जुनी डिस्क टक् टक् करत का होईना, चालत होती. दोन्ही डिस्का चांगल्या असतील तर बिघाड मशीनमध्ये होता. फॉरमॅट गेला खड्ड्यात. मी मशीन पुन्हा चालू केलं आणि एक बटण दाबून विंडोजच्या आधीचा तो सेटिंगचा पडदा उघडला. सगळं इंग्रजी. मी ओळ न् ओळ वाचत होते आणि काही कळत नव्हतं. नानांनी वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. आकडे त्यांना वाचता येतात.

“हितं एक जानेवारी का लिवलंय? आन साल बी लय जुनं हाय. आजून आंबं संपलं नाय.”

मी तो कोपरा पाहिलाही नव्हता. जो माणूस आयुष्यभर तारखेवर जगला, त्याला चुकलेली तारीखच आधी दिसली.

मोबाइलवर शोधलं तेव्हा उलगडा झाला. मशीनच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना तारीख आणि सेटिंग तो लक्षात ठेवतो. आमचा सेल केव्हाच मेलेला असणार. पण कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, पिन कधी काढलीच नव्हती, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मी पिन काढून जेवायला बसले आणि मशीन सगळं विसरून गेलं. त्यात चालू व्हायची पद्धतही विसरलं. पद्धती दोन, एक जुनी आणि एक नवी. आमचं विंडोज जुन्या पद्धतीचं, आणि विसरभोळ्या मशीननं मनानंच नवी धरली होती.

आता तसला सेल रविवारी दुपारी कुठून आणू? ताटलीएवढा एक वजनकाटा आहे आमचा, मोगरा तोलायचा. तो उलटा केला, झाकण काढलं. तोच सेल, तोच नंबर! सासूबाई ओरडल्या, “अगं, सकाळी मोगरा कशावर तोलू?” मी म्हटलं, “हातावर!”

सेल बसवला. नवी डिस्क लावली. तारीख नानांनी सांगितली, तिथीसकट, मी तारीख तेवढी भरली. पद्धत जुनी केली आणि बटण दाबलं. नाना श्वास धरून बसले होते, मीही. पडदा काळा झाला. मग विंडोजची खूण आली. मग माझ्या लेकीचा झेंडूच्या ढिगात बसलेला फोटो, जो आम्ही पडद्याला मागे लावून ठेवलाय. मी खुर्चीतून उठून टाळ्याच पिटल्या. जिंकले होते मी! दुकानदाराला हरवलं होतं, माझ्या मूर्खपणालाही हरवलं होतं.

फाइल उघडली. सव्वीसच्या सव्वीस वर्षं जागेवर. एकोणीस वर्षांमागची ती लावणी सापडली, मी तारीख मोठ्यानं वाचली. नानांनी बोटांवर दिवस मोजले आणि तिथूनच रोपवाटिकेवाल्याला फोन लावून रोपं सांगितली. मी मात्र आधी पेनड्राइव्ह शोधला आणि सगळ्याची एक प्रत त्यात टाकून तो कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला.

संध्याकाळी नाना भिंतीजवळ उभे राहून नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लिहीत होते. ते अंगणात गेल्यावर मी जाऊन वाचलं.

‘कॉम्प्युटर बंद पडला होता. सूनबाईने चालू केला. लई हुशार. शेवंतीला पाणी द्यायचं राहिलं.’

मी तिथेच हसले आणि डोळेही भरून आले. मग पदर खोचला आणि शेवंतीला पाणी द्यायला गेले.