खळ वाळेपर्यंत

आमच्या लालबागच्या चाळीत जयवंत धुरी राहायचे. एका नावाजलेल्या सायन्स कॉलेजात शिपाई. शिक्षण मराठी चौथी. पण जूनमध्ये एसएससीचा निकाल लागला की निम्म्या लालबाग-परळचे आईबाप त्यांच्या खोलीबाहेर चपला काढून बसायचे आणि हेडमास्तरांना विचारायचं ते या शिपायाला विचारायचे. आमच्या मुलाला कुठे घेतील हो?

कारण साधं होतं. प्रवेशाच्या याद्या बोर्डावर चिकटवायचं काम वीस वर्षं धुरीकाकांकडे होतं. घरी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, डब्यात भरायची आणि ट्रामने कॉलेज गाठायचं. यादी लावून झाली की ते सगळ्यात तळाच्या नावापुढचा आकडा बघायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. कुठल्या साली पहिली यादी कितीवर थांबली, किती पोरं फी न भरता दुसरीकडे पळाली, तिसरी यादी कुठवर उतरली, सगळं तोंडपाठ. संयुक्त महाराष्ट्र समितीची पोरं रात्री पोस्टर लावायला त्यांचाच डबा मागून न्यायची. काका देताना बजावायचे, "भिंतीवर काय व्हया ता लावा. बोर्डावर फक्त खरा लागता."

त्यांचे नियम दोनच. फॉर्म दोन कॉलेजांत भरायचा, आणि नाव बोर्डावर लागेपर्यंत 'झालं' म्हणायचं नाही. कुणी आधीच पेढे आणले तर बोटसुद्धा लावायचे नाहीत. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," म्हणून पुडा परत द्यायचे.

सत्तावन्न साली मी एसएससी झाले, बावन्न टक्के. काका म्हणाले, "शैला, सायन्सचो बोर्ड लांबून बघ. आर्ट्सचे दोन फॉर्म भर." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं बरोबर निघालं याचा तर मला जास्तच राग आला.

माझ्या वर्गातली चंपा गमरे मात्र साडेएकसष्ट टक्के मिळवून बसली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणजे सायन्सच हवं. तिचे वडील भिवा गमरे डिलाईल रोडच्या चाळीत राहायचे. काका शिपाई होण्याआधी दोघं एकाच मिलच्या रिंग खात्यात सूत कातायला होते. चंपाला काकांनी परकरात असल्यापासून पाहिलेली. ती पेढे घेऊन आली तेव्हा काकांनी क्षणभर डोळे मिटले. ओपनची शेवटची यादी बासष्टच्या आसपास थांबते, पण मागासवर्गीयांच्या जागांत ही पोरगी पहिल्या यादीत वरच येणार, या हिशेबासाठी त्यांना बोटंही मोडावी लागली नाहीत.

"झाला!" काका म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. "दुसरो फॉर्म कित्याक? नको."

मी तिथेच बसले होते. वीस वर्षांचे दोन्ही नियम एका पेढ्याबरोबर गिळलेले मी पाहिले, आणि मलाही तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

काकांनी एक गोष्ट विचारलीच नव्हती. मागच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर भिवा गमऱ्यांनी सहकुटुंब दीक्षा घेतली होती. चंपाने फॉर्मवर लिहिलं होतं, बौद्ध. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म ठेवून घेतला, पण सांगितलं की असं लिहिलंत तर सवलत नाही, जुनी जात लिहा आणि दाखला आणा. तोवर इतर कॉलेजांची फॉर्मची मुदत संपून गेली होती.

त्या संध्याकाळी काका मला बरोबर घेऊन डिलाईल रोडला गेले. आयुष्यात इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"भिवा, कागदावर लिही रे," काका म्हणाले. "मनात काय ते मनात ठेव. पोरीचं वर्ष जाईल."

भिवाकाका शांतपणे म्हणाले, "जयवंता, तू खळ लावून कागद डकवतोस. वाळल्यावर तो सोलून परत उलटा लावतोस काय?"

काकांनी चंपाकडे पाहिलं. चंपा म्हणाली, "काका, मला सवलत सोडून मोजा. नुसत्या मार्कांवर."

मला तिचा राग आला. खरंच सांगते. घरी नळावर भांडायची ताकद नसलेली ही मुलगी कसल्या गमजा करते, असं वाटलं. आज त्या रागाची लाज वाटते.

काकांनी नुसत्या मार्कांवर मोजलं. पहिली यादी अडुसष्टला थांबली. दुसरी चौसष्टला. तिसरी त्यांनी लावली तेव्हा आम्ही दोघी मागे उभ्या होतो. चोवीस नावं, शेवटचा आकडा बासष्ट. काका बोर्डाकडे तोंड करून उभेच राहिले. "माझ्यामुळा झाला गो चेडवा," एवढंच म्हणाले. चंपा रडली नाही. मीच रडले.

ट्रामच्या स्टॉपवर त्यांनी आम्हाला गाठलं. "फी भरायला तीन दिवस आहेत," ते म्हणाले. "खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसायचं. चोवीसपैकी किती भरतात ते मोजायचं. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. मी काही सांगणार नाही, तुम्ही स्वतः मोजायचं." दर वर्षी तिसऱ्या यादीनंतर दोनचार जागा उरतात आणि बोर्डावर काहीच लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या जागा मग वशिल्याच्या चिठ्ठीवर जातात.

तीन दिवस आम्ही बाकड्यावर बसलो. मी कंटाळून भेळ खाऊन आले, चंपा हलली नाही. वहीत एकेक रेघ ओढत होती. तिसऱ्या दिवशी खिडकी बंद झाली तेव्हा एकवीस रेघा होत्या.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर काकाच बसायचे. चिठ्ठीशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही हा साहेबांचा हुकूम. चंपा समोर येऊन उभी राहिली. काका उठले, टोपी सारखी केली आणि न विचारता दार उघडलं. नोकरी गेली म्हणजे?

दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"जागा उरल्यात हे तुला कुणी सांगितलं?" साहेबांचा आवाज कडक होता.

"कुणी नाही सर. मी मोजल्या." चंपाने वही पुढे केली. "चोवीस नावं होती, एकवीस जणांनी फी भरली. यादी बासष्टला थांबली. मला साडेएकसष्ट आहेत. माझ्यापुढे कुणी असेल तर मी जाते."

आतून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग साहेबांनी कारकुनाला हाक मारली, रजिस्टर मागवलं. बासष्टच्या खाली पहिलं नाव चंपाचंच निघालं. साहेब काकांना काही बोलले नाहीत. कदाचित बोलले असतील, काकांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

एका मुलीसाठी कोण यादी काढतो? कारकून म्हणाला, प्रवेश दिला, फी भरा आणि निघा. पण काका अडून बसले. "बोर्डावर लागल्याबगर मी नाय मानूचंय." कारकुनाने वैतागून अर्ध्या कागदावर टाइप करून दिलं. चौथी यादी. एक नाव, एक आकडा.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर भिवाकाका अंगावरच्या कापसासकट कॉलेजात आले. तोवर काकांनी कागद लावला नव्हता, त्यांच्यासाठीच थांबले होते. त्यांनी डब्यात बोटं बुडवली, चारी कोपऱ्यांना खळ लावली आणि तळहाताने मधून कडेला अशी हळूहळू यादी बसवली. भिवाकाकांनी पुढे होऊन लेकीच्या नावावर बोट ठेवलं. कागद ओला होता.

"झालं ना रे, जयवंता?" त्यांनी विचारलं.

काकांनी त्यांचा हात धरून अलगद बाजूला केला.

"वाळू दे आधी," ते म्हणाले.

आणि आम्ही चौघं तो कागद वाळेपर्यंत तिथेच उभे राहिलो.