पाणी मागून येतं

बारकीबाई सपाट डांबरी रस्त्यावरून चालतानाही दहा-बारा पावलांनी एकदा मागे वळून बघायची. डोक्यावर करटोल्यांची पाटी असली तरी पाटी जागची हलायची नाही. नुसते खांदे वळायचे, एक नजर मागे, पुन्हा पुढे. भातसानगरच्या आमच्या वसाहतीत याची दोन कारणं सांगितली जायची. बायका म्हणायच्या, तिच्या कातकरी वाडीवर बिबट्या येतो, त्याची धास्ती. पुरुष म्हणायचे, बाई डोक्याने जरा अशी-तशीच. मी वसाहतीतला एकमेव लेखक, त्यामुळे माझं कारण वेगळं होतं: ही स्त्री आपल्या भूतकाळाकडे वळून बघते आहे. हे वाक्य मी वहीत उतरवूनही ठेवलं होतं. तिन्ही कारणं चुकीची निघाली. माझं सगळ्यात जास्त.

मी धरणावरचा कारकून. सत्तावीस वर्षं पाण्याची पातळी नोंदवहीत लिहिली आणि निवृत्ती जवळ आल्यावर एकदम कादंबरी लिहायला घेतली. विषय कोणता, तर खाडीतल्या तिवरांच्या जंगलातली माणसं आणि जनावरं. डोंगर, मोह, बिबट्या यांवर शहापूर-मुरबाडकडे लिहिणारे पुष्कळ होते. खाडी रिकामी दिसली, म्हणून मी ती धरली. खाडी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात, मांडवातून, पंगत बसेपर्यंत.

लिहिलेलं मोठ्याने वाचायची मला खोड. आमची ही अशा वेळी मिक्सर लावायची. म्हणून मी ओसरीवर बसून वाचत असे. एका सकाळी भाजी देऊन चहाला टेकलेली बारकीबाई माझं पहिलं प्रकरण ऐकून खदखदून हसायला लागली. प्रकरण करुण होतं.

"बाई, हसताय कशाला?"

"तुजं पानी डोंगराकडनं आलं रे सायबा?"

"हो. भरतीचा लोंढा."

"खाडीला दरवाजं बसवलंस का काय?" तिने डोळे पुसले. "अरं, भरती खालनं येते, दर्याकडनं. आन गुपचूप येते. तुजं ह्ये धरान नाय, पानी सोडायच्या आदी भोंगा वाजवायला."

खरोखरच मी दरवाजे उघडले होते. सत्तावीस वर्षांची सवय. माझ्या कादंबरीत भरती रोज संध्याकाळी सहाला यायची, तेही तिला सहन झालं नाही. "रोज थोडी थोडी उशिरा येते ती. तिथ बघावी लागते. अवसेला न् पुनवंला उधान, आठमीला भांग, तवा पानी निस्तं पाय धुतं."

बारकीबाईने तारुण्यातले दहा-बारा हंगाम भिवंडीकडच्या खाडीकाठी वीटभट्टीवर काढले होते. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याबरोबर चिखलात उतरायचं आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायच्या, हे तिचं शिक्षण. त्या दिवसापासून दर आठवड्याला एक प्रकरण ती ऐकायची आणि एक प्रकरण मी फाडायचो. मी पौर्णिमेच्या चांदण्यात नायकाला चिंबोऱ्यांची मेजवानी घातली होती. "पुनवंची चिंबोरी पोकळ," ती म्हणाली, "उपाशी मारशील त्याला." मी रोहित पक्ष्यांना तिवराच्या फांद्यांवर झोपवलं होतं. "तेवड्या टांगा घिऊन? चिखलात हुभं ऱ्हातात ते. तू झोप फांदीवर." ती सगळ्यांना तू म्हणायची, मोठ्या साहेबापासून गेटवरच्या कुत्र्यापर्यंत तिला एकच तू पुरायचा.

कोल्ह्याबद्दल मात्र ती आदराने बोलायची. माझ्या कादंबरीतला कोल्हा लबाड होता, दुसरं काय असणार? तिने सांगितलं, ओहोटी लागली की कोल्हा तिवरातून चिखलावर येतो, चिंबोरी बिळातून ओढून काढतो. माणसाने त्याच्यावर नजर ठेवून काम करावं. "त्यो मागं फिरला का आपुन बी फिरायचं. टोपली भरली का नाय त्ये बघायचं नाय. त्याला घड्याळ लागत नाय." हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कादंबरीत एका प्राध्यापकाच्या तोंडी घातलं. तेही तिने काढायला लावलं.

मग आलं सातवं प्रकरण. वाचकाला जरा हसवावं म्हणून मी त्यात एक गोम्या घातला होता. भट्टीवरचा मजूर, दारू पिऊन चिखलात उतरतो आणि गुडघाभर पाण्यात बुडून मरतो. हा किस्सा मला पानाच्या टपरीवर एका मुकादमाने सांगितला होता. सांगताना तोही हसला होता, मीही. मी अगदी हावभाव करून वाचलं. झोकांड्यासुद्धा खाऊन दाखवल्या.

बारकीबाई हसली नाही. चहाची बशी तिने खाली ठेवली.

"गोम्या का केलंस?"

"नाव असंच. काल्पनिक."

"त्याचं नाव लाहानू. माजा मालक."

मी उभाच होतो, एक पाय झोकांडीत. तो पाय खाली कसा ठेवावा हे मला कुठल्याही पुस्तकात वाचल्याचं आठवेना.

ती रडली नाही, चिडली नाही. बशीतला उरलेला चहा तिने फरशीवर ओतला आणि त्यात बोट फिरवलं. "हा चिखल. ही नाळ." नाळ म्हणजे चिखलातून गेलेली पाण्याची वाट; ओहोटीला ती कोरडी, उडी मारून ओलांडावी एवढीच. "आमी नाळीच्या पल्याड, पानी म्होरं लांब. आमी बगतंय म्होरं. भरती म्होरनं येत नाय, सायबा. आदी नाळीत भरते, पाठीमागं. तू वळतंस तवा नाळ पुरुसभर झालेली. दारूचा थेंब नव्हता पेला त्यो. कोल्हा कवाचा माघारी गेला व्हता. आमची टोपली भरली नव्हती, म्हनून थांबलो. मी हिकडं आले. त्यो नाय आला."

भट्टीच्या मुकादमाला पोलिसांत जबाब द्यायला नको होता, म्हणून त्याने दारूची गोष्ट रचली. ती गोष्ट माणसाआधी वाडीवर पोचली. तिचा दीर काळू याने ती धरून ठेवली: वहिनीने माझ्या भावाला पाजून चिखलात नेला. शेजारची झोपडी, मध्ये एक कुडाची भिंत, आणि चौदा वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती सांगायला गेली की उठून जायचा.

"तुजं बुक होनार ना?" तिने विचारलं. "मंग नीट लिव. आन काळूला वाचून दाव. माजं ऐकत नाय, बुकाचं ऐकंल."

सातवं प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ती ऐकायची, आणि जिथे मी वाक्य सजवलेलं असे तिथे बरोबर जांभई द्यायची. बदललेलं नाव तिला चालेना. "खोट्या नावानं खरं कसं सांगशील?" मी लाहानू ठेवलं. कल्याणच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढलं. नाव इतकं संस्कृत होतं की आमच्या हिला ते अजून नीट उच्चारता येत नाही.

पहिली प्रत घेऊन मी वाडीवर गेलो. दुपारची वेळ, जांभळीखाली वीसेक माणसं. काळू जरा अंतरावर पाठ करून बसला होता, पण बसला होता. मी घसा साफ केला. आणि वाचनाच्या सगळ्या शिस्तीनिशी, धरणाच्या नोंदवहीसारखं, अगदी पहिल्या पानापासून सुरू केलं. मुखपृष्ठ, प्रकाशक, आणि मग खणखणीत आवाजात: "या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग पूर्णपणे काल्पनिक असून..."

काळू वळला. "म्हंजी खोटं ना?"

"नाही, म्हणजे हे सगळ्याच पुस्तकांत छापतात..."

"छापलंय ना, खोटं हाय म्हनून?" तो उठायला लागला. दोघं-तिघं हसले. मी पान उलटायच्या ऐवजी तेच वाक्य पुन्हा वाचत होतो, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर ते बदलेल.

बारकीबाई पुढे आली. तिने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, ते पान शिलाईपासून सरळ फाडलं, चुरगळून कमरेला खोचलं आणि पुस्तक मला परत दिलं.

"आता वाच."

मी सातवं प्रकरण वाचलं. या वेळी झोकांड्या नाहीत. नाळ भरल्याचा भाग आला तेव्हा काळू खाली बसला. प्रकरण संपलं. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. मग चौदा वर्षांनी काळूने वहिनीला विचारलं, "दोगं संगट व्हतां. मंग तू हिकडं कशी, न् त्यो तिकडं कसा?"

हा प्रश्न अकरा खर्ड्यांत मला सुचला नव्हता.

बारकीबाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि उत्तर दिलं ते त्यांच्या घरच्या बोलीत, भराभर, खालच्या आवाजात. मला खांदा आणि पाय एवढे दोन शब्द कळले. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. काळूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो उठून आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

निघताना मी अर्थातच विचारलं, "बाई, काय सांगितलंत?"

"तू लिवलंस त्ये समद्यांचं झालं," ती म्हणाली. "ह्ये आमच्या घरात ऱ्हाऊ दे."

दोन वर्षांनी बारकीबाई तापाने गेली. तिच्या दिवसांना मी वाडीवर गेलो होतो. मुरबाडकडचा कुणी नवा जावई आला होता, त्याला काळू भावाची गोष्ट सांगत होता: कोल्हा माघारी गेला, टोपली भरली नव्हती, पाणी पाठीमागनं आलं. माझ्या पुस्तकापेक्षा पुष्कळ चांगलं सांगत होता. नाळ भरली तिथवर येऊन तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायबा, तू जरा भायेर बस."

मी बाहेर जाऊन बसलो.