आल्विन लायकरचा वर्षाचा एक फोन

आल्विन लायकर कधी कॉलेजात गेला नाही. चाळीस मैलांवरच्या आमच्या कॉलेजच्या एकाही वर्गात त्याने पाऊल टाकलं नसेल, पण तिथल्या फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्याकडच्या खेळाच्या, संघाला तो ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही हरलो, आम्ही जिंकलो, आमचा गुडघा दुखावला. ‘तुझा कुठला रे गुडघा?’ असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण आहे, तेही मोडकं.

अडतीस वर्षं तो गावच्या धान्याच्या कोठारावर काट्याशी बसला. गव्हाने भरलेले ट्रक यायचे, हा वजन करायचा, चिठ्ठी फाडून द्यायचा. सगळ्या कॅन्ससमध्ये याच्याइतका सरळ काटा नाही, असं शेतकरी म्हणत. लग्न केलं नाही. का नाही विचारलं तर म्हणे, ‘‘सुगीत सवड नव्हती, अगाथा.’’ सुगी वर्षातून तीन आठवडे असते. बाकीचं वर्ष काय करत होतास, हे विचारायचं मी सोडून दिलं.

रक्ताचं असं त्याला एकच माणूस, थोरली बहीण रोझेला. लहानपणी दोघं स्वयंपाकघरातल्या एकाच बाकावर बसून मॅच रेडिओवर ऐकत आणि एकाच संघासाठी ओरडत. मग रोझेला लग्न होऊन नेब्रास्कात व्होंड्रांच्या घरी गेली. दिल्या घरी इतकी रमली की नवऱ्याबरोबर तिकडच्या कॉलेजचा हिरवा रंगही तिने आपला म्हटला. आमचा रंग तांबडा. दर नोव्हेंबरात या दोन कॉलेजांची मॅच होते, आणि त्या दिवशी आल्विनच्या लेखी सख्खी बहीणसुद्धा शत्रू.

ही झाली गमतीची भांडणं. खरं भांडण आईवरून झालं. त्यांचे वडील इथल्या चर्चमागे पुरलेले आहेत. दगडावर त्यांच्या शेजारी आईचंही नाव तेव्हाच कोरून ठेवलेलं, जन्माच्या तारखेसकट. मृत्यूची तारीख तेवढी कोरायची बाकी. म्हातारी शेवटची सहा वर्षं रोझेलाकडे होती, तिथेच गेली, आणि रोझेलाने तिला तिथेच पुरलं. ‘‘आईच म्हणाली तसं,’’ असं रोझेला सांगते. आल्विनला ते पटलं नाही. दगडावरची ती जागा सव्वीस वर्षं कोरी आहे आणि दर रविवारी तो तिच्यासमोर टोपी काढून उभा राहतो. मला त्याचा राग येतो आणि रडूही येतं.

पत्रं थांबली, नाताळची कार्डं थांबली. मी एकतीस वर्षं या गावच्या पोस्टात होते, मला काय कोणी सांगायला हवं? एकच गोष्ट थांबली नाही. मॅच संपली की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फोन करायचा, रात्रीच्या जेवणाच्या आत, अशी त्या दोघांची जुनी रीत होती. ती मोडली तर रडीचा डाव झाला असता, आणि लायकर सुंभ जळला तरी पीळ सोडणार नाहीत, पण रडीचा डाव खेळणार नाहीत.

आल्विनला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे पलीकडचं बोलणं सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू येतं. हरलेल्या दर वर्षी तेच.

‘‘आल्विन बोलतोय. अभिनंदन.’’

‘‘तुमच्या पोरांच्या हाताला लोणी लावून पाठवता का रे? चेंडू टिकतच नाही!’’

‘‘पुढच्या वर्षी बघ.’’

‘‘बघते, बघते.’’

खट्. संपलं वर्ष. जिंकलेल्या वर्षी तो चार वाजल्यापासून फोनकडे बघत बसे, अंगणातसुद्धा जात नसे. हरलेल्या वर्षी मात्र त्याला स्वतः नंबर फिरवता यायचा. त्याला हरणंच जास्त मानवत होतं, असं मी छातीठोक सांगते. तोंडाने तो कबूल करणार नाही.

आणि या वर्षी ही बातमी आली. आठ कॉलेजांची आमची कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्यांची पंगत. त्यातल्या दोघांना मोठ्या पंगतीचं बोलावणं आलं, तिसरं उठायच्या तयारीत, आणि हिरवेवाले म्हणे उत्तरेकडच्या कोणत्या गटात चालले. आमचं काय, कोणालाच ठाऊक नाही. नोव्हेंबरची मॅच होईल की नाही, हेही नाही.

दर मे महिन्यात कॉलेजचे कोच बसमधून गावोगाव चाहत्यांना भेटायला येतात. यंदा ते आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आले. मी खिमा-कोबी भरलेले साठ बीरॉक भाजून नेले, तासाभरात ताटं रिकामी. आल्विन इस्त्रीचा तांबडा शर्ट घालून पहिल्या रांगेत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. कॉलेजच्या कचेरीतला एक टायवाला चिठ्ठ्या आधी स्वतः वाचायचा आणि नकोशा बाजूला सारायचा. नव्या गणवेशाचा प्रश्न आला. मैदानावरच्या गवताचा आला. शेजारच्या म्हाताऱ्याने कोचचं लग्न झालंय का विचारलं, तोही आला. आल्विनने चार चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि चारींवर एकच ओळ होती: नेब्रास्कावाल्यांशी मॅच होणार का? एकही आली नाही.

‘‘कॉन्फरन्सबद्दल आज बोलायचं नाही, मंडळी,’’ टायवाला हसून म्हणाला. कोच लोकांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

मग सह्यांची रांग लागली. मी आल्विनच्या मागे. मुख्य कोच मार्लन टिबेट्स, वय छत्तीस, डोळ्यांखाली काळं. त्याने पेन उचललं. ‘‘कशावर करू सही?’’

‘‘सही नको. होणार का मॅच? हो की नाही, एवढंच सांगा.’’

कोचने टायवाल्याकडे पाहिलं. तो बीरॉक खात होता. ‘‘खरं सांगू? मला टीव्हीवरून कळतं. तुम्हाला कळतं त्याच वेळी.’’

‘‘तुम्ही कोच ना?’’

‘‘कोच चेंडूचा. बाकीचं वर ठरतं.’’ आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बिचारं पोरगं. आल्विनचं तोंड उतरलेलं पाहून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो एकदम हसवायला लागला. ‘‘पण तुम्ही एकटे नाही हं. हिरव्यांचा कोच माझा मित्र आहे. त्यांच्याही अशाच भेटी चालू आहेत. परवा म्हणे एक आजीबाई काठी टेकत पाऊण तास रांगेत उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर बसेनात. टेबलाशी येऊन काठी आपटली. ‘त्या तांबड्यांशी मॅच होणार का? हो की नाही?’ हा म्हणाला, माहीत नाही. तर म्हणतात कशा, ‘मॅच नाही झाली, तर माझा भाऊ मला फोन कशासाठी करणार? तो हरला की करतो.’ माझा मित्र अजून हसतोय.’’

आल्विन हसला नाही. टेबलाची कड धरून उभा राहिला.

‘‘काठी?’’ तो म्हणाला.

‘‘अं?’’

‘‘काठी कधीपासून लागली तिला?’’

कोचला काय माहीत असणार. मागचे लोक ‘चला, चला’ करायला लागले. मीच त्याला दंड धरून बाहेर आणलं.

घराशी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रिकामी ताटं हातात घेऊन मी त्याच्या मागोमाग आत गेले. त्याने बोलावलं नव्हतं, पण मी अशी बोलावण्याची वाट बघणारी बाई नाही. तो टोपी न काढताच फोनपाशी गेला आणि नंबर फिरवला.

‘‘हॅलो? कोण?’’

‘‘आल्विन.’’

‘‘आज कुठली मॅच होती?’’

‘‘मॅच नव्हती.’’

मला वाटलं, आता हा ठेवून देणार. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘रोझी, तुझ्या पायाला काय झालं गं?’’

‘‘कोणी सांगितलं तुला?’’

‘‘कोचने.’’

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. ‘‘खुब्याचं हाड मोडलं. ऑक्टोबरात, पायरीवरून पडले. मॅचच्या आदल्या दिवसापर्यंत दवाखान्यातच होते.’’

‘‘पण फोन तर तू घरी उचललास. मी केला होता ना!’’

‘‘डॉक्टर सोडत नव्हते. भांडून आले. दवाखान्याचा नंबर तुझ्याकडे कुठे होता?’’

आल्विनने गेल्या नोव्हेंबरात तिला काय म्हटलं होतं ते मला आठवलं. ‘तुझा आवाज असा का? जिंकूनही दम लागला का म्हातारे?’ असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. त्यालाही तेच आठवलं असणार.

‘‘मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू विचारलंस कधी?’’

त्याने पायाने खुर्ची जवळ ओढली आणि बसला. वर्षानुवर्षं मी त्याला त्या फोनवर बोलताना पाहत आले, पण हा माणूस कधी बसला नव्हता.

‘‘आता विचारतोय,’’ तो म्हणाला. ‘‘पहिल्यापासून सांग.’’