पुढच्या वर्षात गेलेला कॉम्प्युटर

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारची खोली भाड्याने बघायला ती बाई आली होती. नाव मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. खोलीची चावी आणणारा येईपर्यंत माझ्या उंबऱ्यावर टेकली. चष्मा डोक्यावर, मुठीत चणे.

मी कॉम्प्युटरवर गणपतीला गावी जायचं रेल्वेचं तिकीट काढत होतो. बुकिंग उघडलं आणि पडद्यावर इशारा आला, ही साइट सुरक्षित नाही. दरवर्षीची साइट! शाळा कमी झाली असेल, पण गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेला माणूस मी. असल्या डबड्याला भिणार? ‘तरीही पुढे जा’ दाबणार, तोच ती ओरडली, "थांबा हो आजोबा! पैसे भरायच्या जागी असं दामटून जायचं नाही."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. तारीख तेवढी दाखवा."

तिने चष्मा खाली ओढला, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि चणे सांडेपर्यंत हसली. पुढच्या वर्षी गणपती कुठल्या वारी येतात ते बघायला मीच तारीख पुढे नेली होती. मागे आणायची राहिली.

"साइटच्या ओळखपत्राला मुदत असते. तुमच्या तारखेने ती संपली. अहो, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ बाप्पाला म्हणतात, तुम्हाला नाही!"

तारीख मी स्वतःच्या हाताने बदलली, तिला हात लावू दिला नाही. तिकीट मिळालं.

खोली काही तिने घेतली नाही. पण गावी विसर्जनाला सगळ्यांनी तीच आरोळी दिली आणि मी एकटाच हसत सुटलो. बायको म्हणाली, "देवासमोर काय दात काढताय?"