सगळ्यात ठणठणीत रक्त

पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करा, किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक उपाशीपोटी येतात आणि मनातलं सगळं बोलून जातात! भांडुपच्या आमच्या लॅबचे निम्मे किस्से परबचे. परब आमचा सीनियर टेक्निशियन. सध्या ब्लड कॅन्सरने वॉर्डात पडलाय, केमो चालू आहे, वाचेल की नाही ते कुणी सांगत नाही. परवा भेटायला गेले तर म्हणाला, "रडू नको गो. किस्से सांग."

*

एका मीटिंगमध्ये सर, म्हणजे लॅबचे मालक, जोशात म्हणाले, "तुम्ही सगळे या लॅबच्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल आहात! इन्फेक्शन आलं की सगळ्यात आधी धावणारे!"

परब मागून म्हणाला, "बरोबर सर. आधी धावायचं, लढता लढता मरायचं, मग पू म्हणून पुसून टाकायचं!"

त्या वर्षी परबचं इन्क्रिमेंट झालं नाही.

*

एक कोळीण मावशी यायची. अंगाला खाज, रक्तात इओसिनोफिल भरमसाट. या पेशी ॲलर्जीत वाढतात, तशा पोटात जंत झाले तरी वाढतात. सरांनी तिच्या गळ्यात ॲलर्जीचं भलंमोठं पॅकेज मारलं. परब हळूच म्हणाला, "मावशी, आधी तुमच्या डॉक्टरांना जंताचं विचारा."

काही दिवसांनी मावशी सरांच्या केबिनसमोर उभी राहून ओरडली, "खाज गेली! त्या परब डॉक्टरला सांगा!"

सरांनी परबला मेमो दिला.

*

लस घेऊन आलेले घाटकोपरचे एक साहेब अँटिबॉडीच्या रिपोर्टवरून तापले. "शेजाऱ्याच्या माझ्यापेक्षा जास्त कशा?"

परबने समजावलं, "साहेब, अँटिबॉडी बी-सेलकडून येतात. टी-सेल वेगळ्या, त्या रोगट पेशी मारतात. त्या या टेस्टमध्ये दिसत नाहीत."

"मग त्या पण घाला ना रिपोर्टात, आकडा वाढेल!"

*

आता परबचा लाडका किस्सा. वॉर्डातल्या नर्सनाही तो हाच सांगतो.

मशीन बरोबर चाललंय का बघायला रोज कंट्रोलचं रक्त लावतात, ज्याचे आकडे आधीच माहीत असतात. ते विकत आणायचं तर महाग. सर म्हणायचे, "स्टाफचं लावा ना!" मग वर्षानुवर्षं परबचंच लागायचं, कारण त्याचं सगळ्यात ठणठणीत.

मध्यंतरी त्याच्या पांढऱ्या पेशी रोज जास्त यायला लागल्या. परबच म्हणाला, "मशीन येडं झालंय." इंजिनिअर आला आणि परबचा आकडा नॉर्मल येईपर्यंत सेटिंग खाली ओढून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या! दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या भांडुपच्या पेशी कमी. सर म्हणाले, "व्हायरलची साथ चालू आहे, पेशी कमीच येणार." स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघणं त्यांनी कधीच बंद केलं होतं, वेळ जातो म्हणून. महिनाभर तसेच रिपोर्ट गेले. मला आजही स्वतःची लाज वाटते आणि सरांचा संताप येतो.

शेवटी मी गुपचूप त्या कंट्रोलच्या रक्ताची स्लाइड केली. बघितली, पुन्हा नवी करून बघितली. माझंच काहीतरी चुकतंय, असं मनापासून वाटत होतं. आमच्यात पक्की नजर एकाचीच, म्हणून परबला बोलावलं. रक्त कुणाचं ते सांगितलं नाही.

तो वाकला. स्लाइड इकडून तिकडे सरकवून बघितली. मग मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाला, "सगळ्या कच्च्या पेशी आहेत गो. लढणारी एक धड नाय. पेशंटला एकट्याला सांगू नको हां, घरचं कुणीतरी बोलवून घे. नाव काय त्याचं?"