निवांत दिवसाची तालीम

माणूस कामानं थकतो, आजारपणानं थकतो, नातेवाइकांनी तर थकतोच. पण निवांतपणानं दुसऱ्याला पार जेरीला आणायची करामत आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकालाच साधली आहे, आणि ते गृहस्थ माझे साडू आहेत. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गारगोटीच्या शाळेतली मास्तरकी संपवून मी कोल्हापुरात घर केलं ते त्यांच्याच गल्लीत. म्हटलं, उतारवयात जवळ आपलं माणूस असावं. माणूस जवळ मिळालं, पण माझे गुडघे गेले.

साडूंची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीत झाली. तिथला एक नियम ते निवृत्तीच्या नारळाबरोबर घरी घेऊन आले. आधी एक नमुना ओतायचा, तो फोडून आतून बघायचा, आणि पसंत पडला तरच पुढचा माल काढायचा. लोखंडापुरतं हे ठीकच आहे, पण साडूंनी ते संसाराला लावलं. स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी दोन दिवस ते पिशवी भरून, रिक्षा करून दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन आले. मुलीच्या लग्नात वरात ज्या रस्त्यानं जायची त्या रस्त्यानं आदल्या दिवशी आम्ही दोघं वरातीच्या चालीनं चाललो. बँड तेवढा नव्हता. या असल्या सगळ्या ट्रायलींना सोबतीला कोण, तर मी. मास्तर रिकामेच असतात हा त्यांचा ठाम समज, आणि त्याला माझ्याच घरातून दुजोरा. आमची ही म्हणते, जावा की, तेवढंच पाय मोकळं हुत्यात. पाय मोकळे होऊन होऊन आता खिळखिळे झालेत, हे तिला कोण सांगणार.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी जे काढलं त्यानं मी आडवाच व्हायचा राहिलो. त्यांची मुलगी पुण्याला असते. जावयाला जर्मनीत नोकरी लागली आणि चौघंही निघाले, निदान तीन-चार वर्षांसाठी. जाण्याआधी कोल्हापूरसाठी त्यांच्याकडे एकच दिवस होता, शनिवार. नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. मागच्या दिवाळीत साडूंनी या पोरांना एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवली होती आणि धाकटी शेवटच्या तीन ठिकाणी नुसती रडत होती. म्हणून या वेळी मुलीनं फोनवर जपून सांगितलं, "बाबा, या खेपेला जरा निवांत ठेवा हं."

साडूंनी तो शब्द उचलला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभे राहिले. हातात पुठ्ठा, त्यावर स्केचपेननं अख्खा दिवस आखलेला. सव्वाआठला नाष्टा, नऊला देवीचं दर्शन, दहा पस्तीसला राजवाडा. मध्ये मध्ये लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'अकरा चाळीस ते बारा पाच, निवांत बसणे'. असं निवांत बसणे दिवसात चार वेळा होतं आणि चारीला वेळ ठरलेली होती. मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं. ते खुर्चीत बसले आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला.

मग म्हणाले, "मास्तर, चार वर्साच्या पोराला मागनं काय आठवत न्हाय म्हणत्यात. पर एखादा दिवस लई चांगला गेला तर ऱ्हात असंल न्हवं डोक्यात?"

राहतो की, असं मी म्हणालो. चाळीस वर्षं पोरांत काढलेला माणूस मी, माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा. मला स्वतःला खात्री नव्हती. पण हे सगळं कशापायी चाललंय ते कळल्यावर 'नाही' म्हणायला जीभ रेटेना, आणि तिथंच मी फसलो. कारण ट्रायलीत पोरांची जागा मी घ्यायची होती.

पहिल्या ट्रायलीला महाद्वार रोडवर त्यांनी माझा हात धरला. पोरं एवढी भराभरा चालत नाहीत म्हणून पावलं निम्मी टाकायची. दोन पांढऱ्या डोक्यांची माणसं हातात हात घालून मुंगीच्या चालीनं देवळाकडे निघाली आणि सगळा रस्ता आमच्याकडे बघायला लागला. एका फुलवाल्या बाईनं कळवळून विचारलं की ह्यांना काय झालंय. साडू घड्याळातून डोकं वर न काढता म्हणाले, "काय न्हाय मावशी, चार वर्साचं हायत." बाईनं मला पैसे न घेता एक कमळ दिलं.

राजवाड्याच्या संग्रहालयात तर मला उकिडवं बसवलं. काचेच्या कपाटातलं पोरांच्या उंचीवरून काय दिसतं, ते त्यांना पाहिजे होतं. समोर पेंढा भरलेला वाघ. भ्या वाटतंय का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. खरं सांगा म्हणाले. मी म्हणालो, वाघाचं नाही वाटत, उठता येईल का याचं वाटतंय. पहारेकऱ्यानं येऊन काय पडलंय म्हणून विचारलं आणि मग दोघांनी मिळून मला उठवलं. तिथून आम्ही मिसळीच्या हॉटेलात गेलो. साडूंनी बिनतिखटाची मिसळ मागितली. मालकानं झारा खाली ठेवला आणि हे कुठल्या गावचे अशा नजरेनं आम्हांला बघितलं. "पावणं, मग बाजारातनं मटकी आणून घरातच खावा की," एवढंच म्हणाला. साडूंनी पुठ्ठ्यावरची मिसळ खोडून तिथं इडली लिहिली. कोल्हापुरात इडली खायची पाळी आली याचं दुःख त्यांना दिवसभर पुरलं.

संध्याकाळी दूध कट्टा. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळता गरम ग्लास हातात देतात. आपल्या नातवंडांनी जर्मनीला जाताना हे दूध पोटात घेऊन जावं, हा साडूंचा हट्ट होता. माझ्या पोटाला दूध सोसत नाही. म्हटलं, पोरं नको म्हणाली तर? आणि ट्रायल म्हणून मी स्वतःच 'नको' म्हणून दाखवलं. साडू खरोखरच दुखावले. पाव तास ते मला समजावत होते, गोंजारत होते, अर्धा तरी पी म्हणत होते. मी मास्तर आहे हे ते विसरले होते. शेवटी मी ग्लास रिकामा केला आणि पुढचा दीड दिवस घराबाहेर पडलो नाही.

अशा तीन ट्रायली झाल्या. तिसऱ्या वेळी रंकाळ्यावर, पाच दहाच्या निवांत बसण्यात, त्यांनी मला फुगा मागायला लावलं. पोरं हट्ट करणार, तेव्हा आपण किती ताणायचं ते बघायचं होतं. मी म्हटलं, साडू, आता पुरे करा, दमलो मी. पण ते ऐकेनात. मग मी खालच्या आवाजात मला फुगा पाहिजे म्हणालो. ते नाही म्हणाले. मी पुन्हा मागितला. त्यांनी तोंड फिरवून पाण्याकडे बघितलं आणि उठून फुगा आणला. "न्हाय म्हणाय जमायचं न्हाय मला," ते म्हणाले. तो लाल फुगा घेऊन मी घरी आलो तेव्हा आमच्या हिनं दार उघडलं, फुग्याकडं बघितलं आणि आत गेली.

शनिवार उजाडला. मलाही बरोबर यायचं होतं, माहितगार म्हणून. आठला येणारी गाडी रस्त्याच्या कामांत अडकून साडेदहाला आली. नाष्टा आणि देवी तिथंच हुकली. साडू सरळ राजवाड्याला चला म्हणाले. नातू गाडीतून उतरला तो हरणं बघायला बापाला ओढत पळाला. नात पहाटे चारपासून जागी होती. ती आजोबांच्या बोटाला धरून झाडाखालच्या बाकापर्यंत आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि पाच मिनिटांत झोपली.

मी शेजारी बसलो होतो. साडूंनी एकदा घड्याळ बघितलं, आणि पुन्हा बघितलं नाही. मुलगी येऊन म्हणाली, उठवू का बाबा, तुम्ही एवढं सगळं ठरवलंय. "निजू दे," ते म्हणाले, "तुम्ही देवीला जाऊन या, आमी हितं हाय." ती मंडळी देवीला जाऊन आली, जेवून आली, तरी पोर झोपलेलीच. साडू टोपीनं तिला वारा घालत होते. तिचं डोकं त्यांच्या दंडावर होतं आणि तो हात त्यांनी तसूभर हलवला नाही. मी म्हटलं, जरा माझ्याकडे द्या, पाय आखडले असतील. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दोन तासांवर गेले तसे. मला एवढं शांत बसलेलं ते माणूस कधी दिसलं नव्हतं.

उठल्यावर तिनं पाणी मागितलं आणि घरी जाऊ या म्हणाली. घरी गेलो. आक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, दोन्ही पोरांना दूधभात भरवला. पोरं परसातल्या नळाखाली तासभर खेळली, ओली झाली, कपडे बदलले आणि साडेचारला गाडी निघालीसुद्धा. रंकाळा नाही, दूध कट्टा नाही, काही नाही. मागच्या काचेतून पोरीनं हात हलवला की नाही तेही आम्हांला नीट दिसलं नाही.

गाडी वळणापलीकडे गेली तरी साडू फाटकाला धरूनच उभे होते. आता हा माणूस कोसळणार, असं मला वाटलं. मी भीत भीत म्हटलं, सगळं राहूनच गेलं की हो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ती इसरंल, मास्तर. चार वर्साचं पोर ते, त्याला काय आठवतंय. मला आठवंल की."

आतून आक्कांनी चहाला हाक मारली. आम्ही लगेच गेलो नाही. मी त्यांचा हात धरला आणि दोघंही तिथंच उभे राहिलो.